सरकता सा

नातीच्या मोबाइलवर तारांचं किणकिणणं सुरू झालं. "आजोबा, हे बरोक, युरोपातलं जुनं संगीत," ती म्हणाली, आणि मी मनाने लहानपणीच्या पनवेलच्या आमच्या माडीवर पोचलो.

बोटीवर नोकरीला असलेल्या हमीदचाचांनी अशीच एक तबकडी विलायतेहून आणली होती. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ती लावली आणि सवयीने शेजारी तंबोरा जुळवला. क्षणभर सूर मिळाला, मग तबकडीतला सा सरकला. अण्णांनी खुंट्या पिळल्या. तो पुन्हा सरकला.

"हमीदभाई, हा वाजवणारा लबाड आहे!"

"अण्णा, तिकडं सा असाच मध्येच बदलून वाजवतात."

"बघतोच. पकडतो त्याला."

मग रोज संध्याकाळी अण्णा पाळतीवर बसल्यासारखे कान देऊन ऐकत. तबकडी झिजली, नुसती खरखर उरली.

आज मला अण्णांचाच संशय येतो, पकडायचं नुसतं निमित्त असावं. तंबोरा तर त्यांनी आठवड्यातच गवसणीत घालून ठेवला होता.