लेबलाखालचा चेहरा

नव्वदच्या दशकात इंदापूर तालुक्यात फौजदार असताना हाताळलेली एक केस आठवली की मला आजही माझाच राग येतो.

सकाळी ठाण्यात पळसदेवचा एक खबऱ्या आला. साखर कारखान्यातला एक फिटर हंगाम संपल्यापासून घरी बंदूक घडवतोय, म्हणाला. अशा निम्म्या खबरा भावकीच्या भांडणातून येतात, हे ठाऊक होतं. तरी पंच घेऊन गेलो.

खबर खरी निघाली. पडवीत महायुद्धाच्या काळातली गंजकी स्टेनगन होती. शेजारी कानस, भिंग आणि गणवेशातल्या जवानाचा जुना फोटो. फोटोतल्या गनचं मॅगझिन आडवं, डाव्या बाजूला होतं. पडवीतल्या गनचंही तसंच. भंगारातून आणलेला सांगाडा हा गडी फोटो बघून दुरुस्त करत होता.

"गिऱ्हाईक कोण तुझं?" मी दरडावलं. पन्नाशीच्या माणसाला मी बेधडक अरेतुरे करत होतो.

"गिऱ्हाईक कुठलं, सायेब? फोटोत माझं वडील हायत. लढाईवर गेलं ते आलंच न्हाईत. मी आईच्या पोटात हुतो. त्यांच्या हातातली बंदूक एकदा हातात धरावी वाटली. नळी बुजलेली हाय, काडी घालून बघा."

मी काडी घातली नाही. खांद्यावरचे तारे नवे होते, मला टोळी पकडायची होती. रीतसर पंचनामा केला, गन सील केली. फोटोही जप्त केला आणि पंचांच्या सह्यांचं लेबल खळ लावून मीच त्यावर चिकटवलं.

"सायेब, त्येवढा एकच फोटो हाय."

"मिळेल परत."

दोन दिवस कोठडीत खोदून खोदून विचारलं. उत्तर बदललं नाही. काही महिन्यांनी तज्ज्ञांचा अहवाल आला: नळी धातू ओतून बंद केलेली, गोळी सुटणं अशक्य. केस मिटली. गन सरकारजमा झाली, फोटो परत द्यायचा हुकूम झाला.

फिटर आपला फोटो न्यायला आला, तेव्हा मी त्याच्यासमोरच लेबल भिजवून हळूहळू सोललं. लेबलाबरोबर चेहराही निघून आला. हात आणि गन तेवढी शाबूत राहिली.

त्याने फोटो हातात घेतला. "बंदूक काय, फोटो बघून पुन्यांदा केली आसती, सायेब. आता त्यांचं तोंड कशावरनं बघू?"

"तात्या, चुकलं माझं," एवढंच मला म्हणता आलं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकाही मुद्देमालाला दर्शनी बाजूने लेबल लावू दिलं नाही. हाताखालची माणसं मला हसायची. कारण सांगायची मला लाज वाटायची.