डबा बॅगेतच होता

तेव्हा मी अकोल्यातल्या एका मोठ्या कापड दुकानात साड्यांच्या काउंटरवर होते. माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या ताई अकोटहून रोज एसटीने यायच्या. त्यांना शुगर होती. सकाळी इन्सुलिन घेऊन, थोडं खाऊन निघायच्या.

लग्नसराई सुरू झाली आणि आमची जेवणाची सुट्टी गेली. "गर्दी कमी झाली की जेवा," असं मॅनेजर सांगायचे. गर्दी काही कमी होत नसे. रजिस्टरमध्ये मात्र रोज दोन ते अडीच जेवण असायचं आणि महिनाअखेरीस आम्ही मुकाट्याने सह्या करायचो.

त्या दिवशी चार वाजून गेले होते. ताई एका बाईंना शालू उलगडून दाखवत होत्या. त्यांचे हात थरथरायला लागले. "मले काही दिसूनच नाही राहिलं," म्हणाल्या आणि साड्यांच्या ढिगावर कलंडल्या. अंग घामाने चिंब झालं होतं.

मॅनेजर आणि मी त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत मॅनेजर हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरनं विचारलं तं दोन वाजता जेवल्या म्हणून सांगजो. रजिस्टरवर तुही बी सही आहे."

डॉक्टरांनी बोटातून रक्त घेतलं. साखर फारच खाली गेली होती. सलाईन लावता लावता त्यांनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं यांनी?"

"दोन वाजता जेवल्या," मॅनेजर म्हणाले.

"मग इतकी कशी उतरली? दुसरं काही आहे का ते बघावं लागेल."

आमच्या घरात पगार फक्त माझा होता. ताईंचा चेहरा पांढराफटक दिसत होता.

"नाही जेवल्या," मी म्हणाले. "डबा बॅगेतच आहे."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मॅनेजर बाहेर निघून गेले. काही वेळाने ताईंनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर "त्या बाईनं शालू घेतला का?"

पुढचे आठ दिवस माझे कसे गेले, सांगता येत नाही. शेठजींच्या केबिनचं दार वाजलं की आता मलाच बोलावतील असं वाटायचं. घरी कोणाला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी शेठजींनी बोलावलं. ताईंचे यजमान येऊन दवाखान्याचा कागद देऊन गेले होते. सलग पाच तास काम झालं की अर्धा तास सुट्टी द्यावीच लागते, नाहीतर कामगार कार्यालयात जातो, असं सांगून गेले होते.

"डॉक्टरले तूच सांगितलं?"

"हो."

त्यांनी कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. "उद्यापासून पाळीपाळीनं जेवा. जाय आता."

ताई परत आल्या नाहीत. घरच्यांनी येऊ दिलं नाही. मॅनेजरांनी मला वरच्या मजल्यावर लहान मुलांच्या कपड्यांकडे टाकलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं. अर्धा तास मात्र सगळ्यांना मिळायला लागला. तरी जुन्या धाकाने मी कित्येक महिने दहा मिनिटांत डबा संपवून, हात नीट न पुसताच काउंटरवर पळत होते.