हळदीच्या रंगाची गाडी आणि बाबांचा खिसा

माझ्या नाकावर राग असतो असं माहेरचे म्हणतात. सासरचे म्हणत नाहीत, पण त्यांनाही ते माहीत आहे. तरी त्या जुन्या गाडीपुढे मी तासन्‌तास शांत बसायचे, याचं घरात सगळ्यांना नवल वाटायचं. गाडी माझ्याहून वयाने मोठी, हळदीच्या रंगाची, चौकोनी तोंडाची. मी इथे जर्मनीत नेकारसुल्मच्या कारखान्यात नव्या गाड्यांच्या वायरिंगचं काम करते, म्हणजे दिवसभर संगणकावर कनेक्टर बघते आणि हातात एकही येत नाही. त्यामुळे शेजारच्या आजोबांनी गाडी विकायला काढली तेव्हा नवऱ्याला विचारायच्या आधीच मी हो म्हणून बसले होते.

इथे अशा गाडीला ओल्डटायमर म्हणतात, आणि रस्त्यावर आणायची तर ती तपासणीत पास व्हावी लागते. आमची दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा दिव्यांपायी. इंडिकेटर दिला की हेडलाइट मंद व्हायचा, हॉर्न वाजवला की मागचा एक दिवा विझायचा. नवरा म्हणाला, "तिसऱ्यांदा नापास झाली तर न्युरेम्बर्गचा तो माणूस घेऊन जाईल. कबूल?" तो माणूस गाडी मोडून सुटे भाग विकणार होता. मी तोऱ्यात कबूल म्हटलं खरं. लहानपणी सायकल हवी असायची ना, तशी मला ती गाडी हवी होती.

दोष वायरींत नव्हता, त्यांच्या टोकांत होता. वायरीच्या टोकाला पितळेची पट्टी, ती दुसऱ्या पट्टीत खुपसलेली आणि वर प्लास्टिकची टोपी, असे ते जुने कनेक्टर. टोप्या हात लावताच खारी बिस्किटासारख्या चुरत होत्या आणि आतल्या पितळेवर हिरवा गंज चढला होता. मी नवे मागवले. माप तेच, पण कल्हई केलेले, मागे पाणी अडवणारं रबर. पाकीट आलं त्या दिवशी मी ऑफिसचे बूटसुद्धा न काढता गॅरेजमध्ये गेले. टोक कापायचं, तार सोलायची, नवी पट्टी चढवायची आणि पकडीने दाबायचं. दाब पुरा झाला की पक्कड कट्‌ करून आपली आपण सुटते. तो आवाज ऐकायला मी आणखी चार गाड्या खोलल्या असत्या.

त्या उन्हाळ्यात बाबा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे आले होते. सासूबाई गेल्यानंतरचा त्यांचा पहिलाच उन्हाळा. जन्मभर जळगावकडच्या एका सबस्टेशनवर नोकरी केलेला माणूस, इथे घरात बसून कंटाळायचा. माझ्याशी ते थेट बोलत नसत. मी समोर उभी असताना ते नवऱ्याला म्हणायचे, "तिला म्हणावं, चहात साखर कमी." राग नव्हता त्यात, त्यांची रीतच तशी. मीही मग नवऱ्याला म्हणायचे, "बाबांना विचार, पोळी वाढू का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी आमचा टपाल खात्याचा कारभार असाच चालला होता.

एकदा ते जिना उतरून गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "सप्लाय बंद आहे?" आसपास नवरा नव्हता, म्हणजे प्रश्न मलाच होता.

"फ्यूज काढलाय, बाबा," मी म्हटलं.

"कुठाय?"

मी बाकावर बोट दाखवलं. जुन्या गाडीचा फ्यूज पांढऱ्या चिनीमातीचा, बोटाच्या पेराएवढा. बाबांनी तो उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. "फ्यूज बाकावर ठेवायचा नसतो," ते म्हणाले. "कुणीही येऊन घालतो."

मग खाली बसत त्यांनी सांगितलं. सबस्टेशनवर एकदा फोन आला होता, काम झालंय, लाइन चार्ज करा, म्हणजे वीज सोडा. फोन करणारा वेगळाच होता. ज्याचं काम होतं तो अजून पोलवर होता. एवढं सांगून बाबांनी खिशातला फ्यूज चाचपून पाहिला.

त्या दिवसापासून आमची कामाची पद्धत ठरून गेली. फ्यूज बाबा काढणार, खिशात ठेवणार. माझी पक्कड कट्‌ झाली की विचारणार, "काम झालं?" मी म्हणायचे, "झालं, बाबा." "हात बाहेर?" "बाहेर." मग ते फ्यूज घालणार आणि दिवा लागणार. एकेक दिवा असा झळाळून लागायला लागला की मला उड्या माराव्याशा वाटायच्या, आणि डाव्या हेडलाइटच्या वेळी मी मारलीही. बाबांनी तेवढ्यापुरतं दुसरीकडे पाहिलं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मागच्या ब्रेकलाइटचा एक कनेक्टर मला सैल वाटला. बाबांनी फ्यूज काढला, मी कनेक्टर बदलला, आणि तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. बोलत बोलत मी डिकी लावली आणि वर गेले.

सकाळी बाबांची पूजा चालली होती म्हणून ते आले नाहीत. मी आणि नवरा गाडी घेऊन निघालो. काय धावत होती! सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईने हात केला, तर मी हॉर्न वाजवून दाखवला आणि मागचा एकही दिवा विझला नाही.

तपासणारा माणूस खुशीत होता. "या, या," म्हणजे हो, हो, असं म्हणत एकेका दिव्यापुढे मान हलवत गेला. मग मागे उभं राहून त्याने ब्रेक दाबायला सांगितलं. मी दाबला. त्याने पुन्हा सांगितलं, मी पुन्हा दाबला. त्याची मान हलेना.

मी घाईघाईने खाली उतरून डिकी उघडली, कनेक्टर ओढून पाहिले, सगळे घट्ट. नवऱ्याच्या चेहऱ्यावर न्युरेम्बर्ग दिसायला लागलं. मग मी पुढे येऊन फ्यूजची पेटी उघडली, तर एक घर रिकामं, आणि मला एकदम सगळं कळलं.

"अगं, हीटरचा काढून घाल ना," नवरा म्हणाला. "उन्हाळ्यात हीटर कशाला हवाय?"

सोपं होतं. मी हीटरचा फ्यूज काढलासुद्धा. काम मीच केलं होतं, ते झालं होतं, मागे कुणाचा हात नव्हता. पण त्या रिकाम्या घरात तो घालायला माझा हात पुढे होईना. मला तो पोलवरचा माणूस दिसायला लागला. मी घरी फोन लावला.

"खिशात आहे," बाबा म्हणाले. "काल तू काही बोललीच नाहीस."

"विसरले, बाबा. काम झालंय."

"मग येतो. मी काढला, मीच घालणार." आणि फोन बंद.

तपासणारा घड्याळाकडे बघत म्हणाला, "आल्झो, बरं तर, मधल्या वेळात दुसरी एक गाडी बघून घेतो. त्यानंतर तुमची नाही झाली तर मी नापास लिहिणार."

"एकटे येणार?" नवरा डोक्याला हात लावून म्हणाला. "ते कोपऱ्यावरच्या बेकरीत एकटे जात नाहीत!" खरंच होतं ते. बसचा पास काढून दिलेला, तो कोराच होता. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. बस आली, दोन बायका उतरल्या, बस गेली. आत मधल्या गाडीचं बोनेट बंद झाल्याचा आवाज आला. मग दुसरी बस आली आणि मागच्या दाराने बाबा उतरले. कपाळावर ताजं गंध, एक हात खिशावर घट्ट दाबलेला.

नवरा धावतच पुढे गेला. "बाबा, झालंय सगळं, कालच झालंय. द्या इकडे लवकर."

बाबांनी खिशावरचा हात काढला नाही. "तुला कुणी विचारलं?" ते म्हणाले. "काम तिचं आहे. ती सांगेल."

आणि त्याला ओलांडून ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बोला साहेब," ते म्हणाले. "काम झालं?"

कारखान्यात मला कितीतरी लोक मान देतात, पण असं कधी भरून आलं नव्हतं.

"झालं, बाबा."

"हात बाहेर?"

"बाहेर."

त्यांनी वाकून मागे एकदा पाहून घेतलं आणि फ्यूज घातला. मी ब्रेक दाबला. मागची पांढरी भिंत लालभडक झाली, आणि तपासणारा माणूस म्हणाला, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर.

परत जाताना बाबा पुढे माझ्या शेजारी बसले. पास झाल्याचा कागद त्यांनी मांडीवर धरला होता. मी उगाचच ब्रेक दाबत होते. मागच्या सीटवरून नवरा म्हणाला, "बाबांना विचार, वाटेत कुठे चहाला थांबायचं का?"

मी विचारलं. बाबा म्हणाले, "त्याला सांग, थांबू. पण साखर कमी."