चांगल्या नजरेची अडचण

“मिस राऊत, तुम्ही गेलात तर हे स्टार कोण शोधणार?”

एम.एस्सी.चा माझा अर्ज साहेबांनी सही न करताच टेबलावर ठेवला. नोकरीत असल्यामुळे त्यांच्या सहीशिवाय तो पुढे जाणार नव्हता.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. बी.एस्सी. फिजिक्स होऊन मी मुंबईच्या एका लॅबमध्ये स्कॅनर झाले होते. फुग्याला बांधून उंच आकाशात पाठवलेल्या फोटोच्या प्लेटा आमच्याकडे येत. अवकाशातून येणारा कण प्लेटेतून गेला की काळ्या ठिपक्यांची रेघ उमटते. तो अणूच्या केंद्रावर आदळला की एका बिंदूतून अनेक रेघा फुटतात, त्याला आम्ही स्टार म्हणायचो. मायक्रोस्कोपला डोळा लावून ते शोधायचे, एवढंच आमचं काम. त्यांचा अर्थ लावायचे एम.एस्सी. झालेले. मला तिकडे जायचं होतं.

“तुमच्यासारखी नजर इथे कुणाची नाही. पुढच्या वर्षी बघू.”

मागच्या वर्षीही ते हेच म्हणाले होते.

संध्याकाळी गावी, उमेळ्याला घरी आले. थोरली बहीण, कमळाताई, ओटीवर वाडीतली विड्याची पानं निवडत बसली होती. डागी पान तिच्या बोटांना न बघता कळे. म्हणूनच वडिलांनी तिला चौथीनंतर शाळेतून काढून पानांच्या कामाला बसवलं होतं. मी तिला सगळं सांगितलं.

“मग चार स्टार सोडून दे की,” ती म्हणाली. “काम बिघडलं की आपसूक सोडतील. मी पानं नीट निवडली, तिथंच फसले.”

ती हसत होती. मला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली एक बारीकसा स्टार आला. तो न नोंदवता मी प्लेट पुढे सरकवली. मग परत मागे आणली. सोडलेला स्टार कुणाच्या तरी निष्कर्षात चूक होऊन बसणार होता. त्याची नोंद केली आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले.

“अर्जावर सही होत नसेल, तर राजीनाम्यावर करा.” मी राजीनामा लिहून त्यांच्यापुढे ठेवला.

“एम.एस्सी. होऊन तरी काय? कॉलेजात शिकवाल,” साहेब म्हणाले, आणि राजीनाम्यावर सही केली.

मी एम.एस्सी. झाले. संशोधनाची जागा काही मिळाली नाही. साहेब म्हणाले तसं निवृत्तीपर्यंत कॉलेजात शिकवलं. ते स्टार पुन्हा दिसले नाहीत, याचं वाईट वाटतं, अजूनही.

कॉलेजातल्या माझ्या लॅबमध्ये कामाला तरबेज असिस्टंट आला, की पुढे काय शिकायचंय ते मी आधी विचारत असे आणि त्याच्या अर्जावर सही करत असे. कौतुक नंतर. कमळाताईचं कौतुक तर सगळ्या गावाने केलं होतं.