कोरड्या गावातली अतिवृष्टी

शालिकराम कोतवाल हाडाचा विज्ञाननिष्ठ. ग्रामपंचायतीच्या आवारात पर्जन्यमापक बसल्यापासून रोज सकाळी त्यातलं पाणी मोजून वहीत लिहायचं काम त्याचं. ढग असो की ऊन, यंत्रात दिसेल तेच लिहायचं, ही त्याची शपथ!

यंदा श्रावण कोरडा गेला, धानाच्या बांध्यांना भेगा पडल्या. पाऊस मोजणारं यंत्र म्हणजे पावसाचाच देव, असं ठरवून बायांनी दर सोमवारी त्यावर तांब्याभर पाणी वाहायला सुरुवात केली. मंगळवारी शालिकराम इमानेइतबारे अतिवृष्टी लिही. मग तालुक्याहून पत्र आलं: गावाला दुष्काळी मदत नाही.

शालिकराम वही घेऊन तालुक्याला धावला. "साहेब, पाऊस नाही जी, बाया पाणी ओतून राहिल्या."

"यंत्र बिघडलं का?"

"नाही जी."

"मग आकडा बरोबर. विज्ञानात भावनेला जागा नाही."

तणतणत परतला, तर यंत्रापाशी जमुनाबाई तांब्या घेऊन उभी. "काऊन ओतून राहिली माय? पाऊस कोठी हाय?"

जमुनाबाईनं त्याच्या काखेतली वही ओढून उघडली. "हा काय! धो धो पडून राहिला. देव पावला बावा, तुयाच अक्षरात लिवला हाय."