मोरेबाईंचं कॅलेंडर

बातमी आली तेव्हा मी लॅबमध्ये स्लाइडवर रंग चढवत होते. फोन मोरेबाईंच्या सुनेचा. "मेधाताई, आई गेल्या हो... दुपारी जेवल्या, जरा पडते म्हणाल्या. चहाला उठवायला गेले तर..." खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार आला तो, सुटल्या बाई, अंथरुणाला खिळल्या नाहीत. दुसरा आला तो, रंग जास्त वेळ राहिला तर स्लाइड वाया जाईल आणि बाई ओरडतील. धावत जाऊन स्लाइड धुतली, आणि नळ तसाच चालू ठेवून रडले.

त्याला आता सहा आठवडे होतील. विठ्ठलवाडीला त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाच्या दिवशी पुष्कळ जण बोलले. सेवा, निष्ठा, शिस्त, सगळं झालं. मलाही उभं केलं. "बाईंनी मला काम शिकवलं," एवढं म्हणून मी खाली बसले. खरं म्हणजे मला सांगायचं होतं की माझ्या सख्ख्या भावाचा जीव माझ्याच हातून जायचा होता, तो या बाईने जाऊ दिला नाही. पण त्यांच्या फोटोसमोर, भर मंडपात, तोंडच उघडेना. म्हणून आज इथे लिहिते आहे.

कल्याणला एका हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची लॅब. मलेरियाचा जंतू आणि तांबड्या पेशींचे जन्मजात दोष यांचं एकमेकांशी काय नातं, हा आमच्या संशोधनाचा विषय. आंबिवलीच्या पलीकडच्या वस्त्यांमधून रक्ताचे नमुने यायचे. मोरेबाई सरकारी नोकरीतून रिटायर होऊन इथे आलेल्या. मी नुकतीच एम.एस्सी. झालेली, आणि नाक हे असं वर! त्या साध्या डिप्लोमावाल्या, पण खोलीत राज्य त्यांचं. शंभर ठिकाणी स्लाइड बघून जंतू दिसला नाही की मी उठायचे. बाई म्हणायच्या, "बस खाली, अजून शंभर बघ. तो काय तुझी वाट बघत मधोमध बसणारेय?"

आणि भिंतीवर ते कॅलेंडर. लोकांच्या घरी कॅलेंडरवर दुधाचे खाडे असतात, गॅस कधी लावला ते असतं. आमच्या कॅलेंडरवर माणसं असायची. ज्याचं रक्त काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं, त्याचं नाव बाई पुढच्या तारखेला पेन्सिलीने लिहायच्या. माणूस आला, रक्त देऊन गेला, की खोडरबराने नाव पुसायचं. नाव पुसलेलं असलं म्हणजे माणूस येऊन गेला. मी त्यांना कॉम्प्युटरमध्ये छान यादी करून दिलेली, तर म्हणाल्या, "तुझा कॉम्प्युटर उघडावा लागतो बाई. भिंत उघडीच असते."

माझा धाकटा भाऊ प्रशांत, आमचा पशा, तेव्हा मानपाड्याला एका कारखान्यात लागला होता. त्याला ताप आला, रक्तात मलेरिया निघाला. या जातीचा जंतू यकृतात दडी मारून बसतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून चौदा दिवस वेगळी गोळी घ्यावी लागते. चौथ्या दिवशी पशाला लघवी झाली ती कोऱ्या चहासारखी. डोळे पिवळे धमक. ॲडमिट केला, गोळी बंद केली. हे मला पुस्तकातून पाठ होतं. काहींच्या तांबड्या पेशींमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतः कमी असतं. त्यांना ही गोळी सोसत नाही, पेशी फुटतात, वेळेला माणूस जातो. आमचा तर अभ्यासच त्याचा! मी स्वतः त्याचं रक्त घेतलं, तपासणी केली, कागदावर थेंब टाकला आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरला. द्रव्य असेल तर थेंब चमकतो. चमकला! मी नाचायचीच बाकी होते. 'नॉर्मल' लिहिलं, सही ठोकली, रिपोर्ट त्याच्या फाइलला लावला. मग मलेरियानेच पेशी फुटल्या असतील, असं सगळ्यांनी धरलं. आठवड्याभरात पशा घरी आला.

बाईंनी रिपोर्ट बघितला. "रक्त कधी घेतलेलंस?"

"ॲडमिट झाला त्याच दिवशी."

"मग हा कागद चुलीत घाल. अगं, कच्ची मडकी होती ती फुटून गेली. उरलेली पक्की तेवढी वाजवून बघतेस आणि म्हणतेस, सगळा माल चांगला. नव्या पेशींमध्ये असतंच ते थोडंफार, म्हणून चमकलं. तीन महिने जाऊ देत, मग बघ." आणि उठून तीन महिन्यांनंतरच्या तारखेवर लिहिलं... प्रशांत.

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. कोण या मला शिकवणार? आणि दुसरंही होतं. आई त्याच्यासाठी मुली बघत होती. 'जन्मजात दोष' हे शब्द मला घराच्या उंबऱ्याच्या आत नको होते. दुसऱ्या दिवशी बाई डबा खायला गेल्या तेव्हा मी खोडरबर घेतलं आणि त्याचं नाव पुसून टाकलं. न आलेला माणूस येऊन गेला, असं मी भिंतीवर खोटं लिहिलं... पुसून लिहिलं.

सकाळी येऊन बघते तर नाव परत जागेवर. या वेळी निळ्या शाईने.

ती तारीख आली. मी पशाला काही कळवलं नव्हतं. सकाळी बाई बर्फाचा डबा, सुई, कापूस घेऊन निघाल्या, कुठे ते सांगितलं नाही. अकराच्या सुमाराला पशाचा फोन. "ताई, तुझ्या मोरेबाई गेटवर आल्यात सुई घेऊन! पोरं विचारतायत, स्थळ आणलंय का. हसू नको ना! मला इकडे सकाळपासून हुडहुडी भरलीय. आत्ताच दवाखान्यातून आलेलो. परत मलेरियाच आहे बोलले. गोळ्या दिल्यात चौदा दिवसांच्या. मी बोललो मागच्या वेळी असं असं झालेलं, तर डॉक्टरांनी फाइल बघितली. बोलले, रिपोर्ट नॉर्मल आहे की, घे बिनधास्त."

रिपोर्ट माझा. सही माझी. "पशा, गोळी घेतलीस?"

"नाय गं. जेवून घेणार होतो. पाकीट बाईंनी काढून घेतलं. बोलतात, माझा निकाल येऊ दे, तोवर हे माझ्याकडे."

दुपारी आम्ही दोघी त्या अंधाऱ्या खोलीत. बाईंनी माझ्या बोटाला सुई टोचली आणि माझा थेंब त्याच्या थेंबाशेजारी ठेवला, पारखायला. दिवा लावला. माझा लख्ख चमकला. त्याचा... काळा ठिक्कर. मी खाली बसले. "बाई, नाव मीच पुसलं होतं."

"माहितीये. कागदाला भोक पडेस्तोवर घासलेलंस. मग शाई काय मी हौसेने वापरली?" एवढंच. वर म्हणाल्या, "ऊठ, नवा रिपोर्ट लिही. सही तूच कर. चुकलेला तुझा होता, बरोबरचाही तुझाच असू दे."

डॉक्टरांनी मग ताप उतरवायचं औषध वेगळं दिलं, आणि ती दुसरी गोळी आठवड्यातून एकदाच, दर वेळी रक्त बघत बघत, आपल्या नजरेखाली. लघवीचा रंग बदलला नाही. आठ आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला, तो आजपर्यंत भांड्यातच आहे. पशाचं लग्न झालं. मुलीकडच्यांना आईनेच सगळं सांगितलं, तर मुलीच्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे काही गोळ्या खायच्या नाहीत, एवढंच ना?" मी ज्याच्यासाठी खोडरबर चालवलं, ते एका वाक्यात मिटलं! कॅलेंडरचं ते शाईच्या नावाचं पान पशाकडे आहे, त्याच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर. बाईंनी ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. मला टोमणासुद्धा मारला नाही, हेच मला जास्त लागायचं.

परवा लॅबमध्ये कॅलेंडरचं पान उलटलं. त्या पानापासून पुढे बाईंच्या अक्षरात अकरा नावं होती. शेवटच्या आठवड्यातसुद्धा येऊन लिहून गेल्या होत्या. पहिलं नाव आंबिवलीच्या एका बाईंचं. फोन केला तर त्या म्हणाल्या, "मोरेबाईंकडून ना? येते म्हणून सांगा." मला सांगवलं नाही. आल्या, रक्त दिलं, बाई कुठे म्हणून खोलीभर बघितलं. मग सांगितलं. त्या कितीतरी वेळ कापूस दंडाशी धरून बसल्या.

त्या गेल्यावर मी खोडरबर घेऊन भिंतीशी उभी राहिले. मोरेबाईंचं ते गोलगोल अक्षर, तेही आपणच पुसायचं? तसंच राहू द्यावं असं फार वाटलं. पण ठेवलं असतं तर त्या भिंतीवर मी दुसऱ्यांदा खोटं लिहिलं असतं. आंबिवलीच्या बाई तर येऊन रक्त देऊन गेल्या होत्या की.

पुसलं. हलक्या हाताने, कागदाला भोक न पाडता. आता दहा उरलीत.