दाई दार का उघडते?

चूक दिसली की त्सुकुदा इसाओचा हात शिवशिवायचा. मग ती खानावळीच्या पाटीवर असो, देवळाबाहेरच्या सूचनेत असो, नाहीतर मेहुण्याकडून आलेल्या लग्नाच्या आमंत्रणात. ते आमंत्रण तर त्याने तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवलं होतं. मेहुण्याने अबोला धरला तो पुढे कितीतरी दिवस सोडला नाही.

"माझा भाऊ आहे तो, छापखान्याचा मजकूर नाही!" बायको मित्सुए कडाडली होती.

"पण चूक होती की नव्हती?" एवढंच त्याने विचारलं. असा माणूस.

ओसाकातल्या एका छापखान्यात त्याने उभी हयात मुद्रितं तपासली. रेल्वेची वेळापत्रकं, औषधांची माहितीपत्रकं, शाळेचे भूगोल. म्हातारा मालक वारला, पोरांनी यंत्रं विकली, आणि पन्नाशी उलटलेला त्सुकुदा रस्त्यावर आला. तेव्हा कॅसेटवर चालणाऱ्या व्हिडिओ गेमचे दिवस होते. अशाच एका छोट्या कंपनीच्या आधीच्या गेममध्ये शुद्धलेखनाचे इतके धिंडवडे निघाले होते की गिऱ्हाइकांनी पत्रं लिहून लिहून त्यांची अब्रू काढली. म्हणून त्यांनी जाणता माणूस शोधला. हंगामी नेमणूक, कायम करायचं की नाही ते गेम बाजारात गेल्यावर बघू, असं ठरलं.

तिथली सगळी तिशीच्या आतली पोरं. तोंडावर 'त्सुकुदा-सान', पाठ वळली की 'ओस्सान', म्हणजे आपला म्हातारबा. त्याला ते ऐकू यायचं आणि लागायचंही. आपण इथे फुकटचे बसलेलो नाही, हे दाखवायला तो मग प्रत्येक पानावर जास्तच तांबडं करायचा. एकदा तर गोष्ट लिहिणाऱ्या नागुमो सायोला त्याने सगळ्यांदेखत झापलं. एकच शब्द तिने दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिला होता.

"लेखिका म्हणवतेस आणि स्वतःचा शब्द स्वतःला आठवत नाही? ज्या लिखाणात एकवाक्यता नाही, ते लिखाण नव्हे, रद्दी!"

चोवीस-पंचवीसची पोरगी ती. मान खाली घालून "चुकलं" म्हणाली आणि कामाला लागली. त्सुकुदाला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

गेम होता एका किल्ल्याच्या पाडावाचा. ज्या रात्री किल्ला पडतो ती एकच रात्र चौघांच्या नजरेतून खेळायची. एकदा सेनापती होऊन, एकदा चोरटी होऊन, एकदा राजपुत्र होऊन आणि शेवटी राजपुत्राला लहानाचं मोठं केलेली म्हातारी दाई होऊन. सेनापतीला दुरून दिसतं, की मुखवटा घातलेला शत्रूचा एक शिपाई दाईच्या दारावर थाप मारतो आणि ही बया खुशाल दार उघडते. सेनापती तिला फितूर ठरवतो, खेळणाराही तिला शिव्या घालतो. राजपुत्राचा भाग त्याआधीच तुटतो, म्हणून खरं काय ते दाई होऊन खेळल्यावरच कळायचं. त्सुकुदाने मात्र गेम कधी हातात धरला नव्हता. पोरखेळ तो, आपलं काम अक्षरांशी, असं त्याचं म्हणणं. मजकूरही त्याच्याकडे गोष्टीच्या क्रमाने येत नसे. यंत्रात जसा साठवलेला, तसा तुकड्यातुकड्यांनी छापून यायचा.

गेमची मूळ प्रत कॅसेटी बनवणाऱ्या कारखान्यात पाठवायची तो दिवस उजाडला. गेमचा प्रमुख काबुरागी दुपारच्या गाडीने स्वतः ती घेऊन जाणार होता. कारखान्यातली पाळी चुकली तर कॅसेटी नव्या वर्षाच्या आत दुकानात लागणार नव्हत्या, आणि पोरांच्या हातात खाऊचे पैसे पडतात ते नेमके तेव्हाच. तो मोसम हुकला तर कंपनीला टाळं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काम संपल्याच्या समाधानात त्सुकुदा कोपऱ्यावरच्या उडोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, दुकानात जेवायला बसला.

दुकानाचा मालक गोंदा म्हणजे दांडगा गडी, आवाज सगळ्या गल्लीत ऐकू जाणारा. "ओरेनं काय सांगितलं होतं? पात बारीक चीर! ओरेच्या दुकानात असले ओंडके चालायचे नाहीत!" असा बायकोवर डाफरत होता. तेवढ्यात फोन वाजला. गोंदाने तो उचलला आणि त्याचा आवाजच बदलला.

"हो गं आई, बोकु जेवलोय. नाही गं, बोकुला कुठली सर्दी? येतो ना, बोकु रविवारी येतो."

गिऱ्हाइकं खाली मान घालून हसली. आपल्या मराठीत 'मी' एकटाच. राजाही मी, हमालही मी. जपानीत 'मी' डझनावारी, आणि कुणी कुणासमोर कुठला काढला त्यावरून माणूस ओळखायचा. ओरे हा मिशीला पीळ देणारा मी, बोकु हा आईच्या पदराआडचा. त्सुकुदाही गालात हसला, वाडग्यातल्या शेवया उचलल्या आणि त्याचा हात तसाच थबकला.

दाराशी आलेला मुखवट्याचा शिपाई म्हणतो: उघड. बोकु आहे.

म्हणतो कसला, म्हणत होता. बाकी झाडून सगळे मुखवटेवाले स्वतःला ओरे म्हणतात, हा एकटाच बोकु का, म्हणून त्सुकुदानेच तिथे तांबडी रेघ मारून 'ओरे' केलं होतं. एकवाक्यता! शंका आली तर पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह घालून लिहिणाऱ्याला विचारायचं, तांबडी शाई फक्त खात्रीच्या चुकीला, हा त्याच्या धंद्याचा रिवाज. त्याने विचारलं नव्हतं. त्या पोरीला काय विचारायचं!

आणि आता त्याला दुसरा एक तुकडा आठवला. राजपुत्र लहानपणी दाईच्या मांडीवर बसून बोकु, बोकु करतो. मोठेपणी जगापुढे ओरे. म्हणजे मुखवट्याआड शिपाई नव्हताच. तिचा राजपुत्र होता, शत्रूच्या वेशात जीव वाचवून आलेला. त्या एका शब्दावरून म्हातारी त्याला ओळखते आणि दार उघडते. दुसरी कसलीच खूण सायोने ठेवली नव्हती.

त्सुकुदाच्या तोंडचं पाणी पळालं. जेवण तसंच टाकून तो बाहेर आला, आणि बाहेर आल्यावर त्याला पुढे जाववेना. सांगावं, तर गाडी चुकेल, पाळी जाईल, कंपनी बुडाली तर आपल्या नावाने बुडेल. नोकरीवर तर पाणीच सोडायचं. या वयात दुसरी कोण देतो? मित्सुएला काय सांगायचं? न सांगावं, तर कुणाला काय कळणार आहे? एक शब्द तर आहे. पोरं बटणं दाबतात, वाचतं कोण? असं त्याने स्वतःला बजावून पाहिलं. पण वाचतं कोण म्हणत जगला असता, तर तो मुद्रितशोधक झालाच नसता. सिग्नल हिरवा झाला, परत लाल झाला, आणि हा गृहस्थ खांबाला धरून उभाच. समोरच्या कचेरीच्या जिन्यातून काबुरागी आता उतरेल की मग, याची त्याला धडकी भरली होती. तो उतरून गेला तर बरं होईल, असंही क्षणभर वाटून गेलं, आणि त्या वाटण्याची त्याला इतकी किळस आली की तो धावतच जिना चढला.

काबुरागी खांद्याला बॅग लावून निघायच्या बेतात होता.

"थांबा!" त्सुकुदा धापा टाकत म्हणाला. "चूक आहे. मी केलेली."

"त्सुकुदा-सान, आता स्वल्पविराम नको हो! गाडी आहे माझी."

"स्वल्पविराम नाही. दाईच्या दाराशी जो शिपाई येतो, त्याचा बोकु मी ओरे केला."

सगळी पोरं खुर्च्या फिरवून बघायला लागली. काबुरागीचा चेहरा हळूहळू उतरला. त्याने सायोकडे पाहिलं. "नागुमो? फरक पडतो?"

सायो उभी राहिली. तिने एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा त्सुकुदाकडे. "नाही," ती म्हणाली. "असंही चालेल."

"बघा, लेखिकाच म्हणते चालेल!" काबुरागीने सुस्कारा सोडला आणि दाराकडे वळला.

त्सुकुदाला वाटलं, सुटलो. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं. पण पोरीच्या हाताकडे त्याची नजर गेली. पेन इतकं घट्ट धरलं होतं की नखं पांढरी पडली होती.

"नागुमो-सान," तो म्हणाला, "मग मला सांग, दाई दार का उघडते?"

तिने नजर पडद्याकडे वळवली.

"शत्रूचा शिपाई दारात. आत ही एकटी. का उघडते?"

"आता..." सायो म्हणाली. "आता उगाच उघडते." आणि ती रडायलाच लागली.

काबुरागीने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. एक कचकचीत शिवी हासडली, नक्की कुणाला ते कळलं नाही, आणि फोनकडे गेला. कारखान्याच्या माणसापुढे तो फोनवरच कमरेत वाकून वाकून विनवण्या करत होता. शेवटी संध्याकाळच्या गाडीपर्यंत मुदत मिळाली. दोन्ही शब्द दोन-दोन अक्षरांचेच, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसायला अडचण नव्हती. पण शेवटच्या घटकेला मजकुराला हात लावायचा म्हणजे भलतीकडे काही बिघडण्याची भीती, आणि सगळा गेम पुन्हा तपासायला वेळ कुठला!

"बिघडलं तर तुम्ही आणि मी, दोघंही घरी," काबुरागी म्हणाला. "तुमच्या कायम नेमणुकीचं तर विसराच."

"हो," त्सुकुदा म्हणाला.

सायो डोळे पुसून यंत्रासमोर बसली. तो तिच्या मागे उभा राहिला. पडद्यावर दार आलं, मुखवटा आला, शब्द बदलला.

"छापलेली पानं परत गेली तेव्हा तू नीट बघितली नव्हतीस का गं?" त्याने हळूच विचारलं.

"बघितली होती. त्याच दिवशी दिसलं."

"मग माझ्याकडे यायचं होतंस! बोलली का नाहीस?"

सायोने मान वळवली नाही.

"सगळ्यांसमोर ओरडला असतात."

कायम नेमणूक हुकल्याचं दुःख त्सुकुदाला झालंच, पण या तीन शब्दांनी त्याचं काळीज चिरलं. शेजारची खुर्ची ओढून तो तिच्या बाजूला बसला. दाईचा पुढचा तुकडा पडद्यावर आला, तेव्हा त्याने पहिल्यांदाच तो गोष्ट म्हणून वाचला.